पंतप्रधानाच्या मामाचं गाव

जूनमध्ये आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच इकडे मँचेस्टरला आले. आई गेल्यापासून दोन वर्षं नुसतं "येतो, येतो" चाललं होतं. शेवटी माझ्या नवऱ्याने न विचारता तिकीटच काढलं. आल्या आल्या त्यांनी मागच्या अंगणात कोथिंबीर पेरली, शेजारच्या आजोबांशी हातवारे करून दोस्ती केली आणि दहाव्या दिवशी मला म्हणाले, "दुकानं पुष्कळ झाली. इथल्या एखाद्या पुढाऱ्याचं गाव दाखव."

हे आमच्याकडे नवं नाही. आप्पा कऱ्हाडचे, साखर कारखान्यात कारकून होते. माझ्या लहानपणी दर २५ नोव्हेंबरला ते आम्हा भावंडांना कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला न्यायचे. देवराष्ट्र्याला साहेबांचं जन्मघर बघायला तर इतक्यांदा गेलोय की त्या घराची पायरी न पायरी मला पाठ आहे. माणूस कळायचा तर त्याचं गाव आणि आजोळ बघावं, असं आप्पांचं म्हणणं. यशवंतरावांचं देवराष्ट्रे हे आजोळच.

मी नावं सुचवायला लागले. चर्चिलचं चार्टवेल म्हटल्यावर त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. थॅचरबाईंच्या वडिलांचं ग्रँथममधलं किराणा दुकान म्हटलं, तर "दुकान नको म्हणालो ना." मग मला डेव्हिड लॉइड जॉर्ज आठवले. जन्म इथलाच, १७ जानेवारी १८६३, मँचेस्टरच्या चोर्लटन-ऑन-मेडलॉकमधला. पण वाढले उत्तर वेल्समधल्या एका खेड्यात, मामाकडे. वडील ते दीड वर्षाचे असतानाच गेले होते.

"मामाकडे?" आप्पांनी चष्मा काढला. "चल मग."

शनिवारी सकाळी निघालो. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि डझनभर केळी. केळ्यांचं सांगायलाच हवं, कारण आमच्या आठ वर्षांच्या लेकीला "ळ" येत नाही. ती म्हणते, "आजोबा, मी केलं खाल्लं." आप्पा विचारतात, "काय केलंस?" ती म्हणते, "केलं." हा संवाद आमच्या घरी रोज होतो. तो विनोद म्हणून सुरू झाला होता, पण तिसऱ्या आठवड्यात ती चिडून इंग्रजीत उत्तर द्यायला लागली आणि आप्पा गप्प बसायला लागले. तिला मराठी कळतं, पण बोलत नाही. आप्पांना इंग्रजी वाचता येतं, पण तिचं मँचेस्टरी इंग्रजी कानाला लागत नाही. दोघांच्या मधे मी दुभाषी म्हणून स्वयंपाकघरातून ओरडत असते. तुमच्यापैकी अनेकांकडे हेच चित्र असणार.

ए५५ रस्त्याने किनाऱ्याकिनाऱ्याने वेल्समध्ये शिरलं की पाट्या दोन भाषांत होतात. पुढे डोंगरात वळणावर रस्त्यावरच मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक शब्द रंगवलेला दिसतो. त्याचा अर्थ "सावकाश" आणि वेल्शमध्ये त्याचा उच्चार होतो "आरव". लेकीच्या वर्गात एक आरव आहे. दर वळणाला ती हसत सुटली. "बघ, रस्त्यावर नाव लिहिलंय त्याचं." हे वाक्य तिने अख्खं मराठीत म्हटलं, पण मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं की ती थांबते.

पोर्थमॅडॉग, मग क्रिकिएथचा समुद्रकाठचा किल्ला, आणि त्यानंतर ए४९७ वर दोनेक मैलांत गाव येतं, ल्लानस्तिम्दुई. नदीच्या वळणावरचं चर्च असा त्याचा अर्थ. पहिलं अक्षर मी "ल्ल" असं लिहिलंय, पण ते ना ल आहे ना ह. जीभ ल ची ठेवायची आणि श्वास बाजूने सोडायचा. लॉइड या नावातही मूळ तेच अक्षर आहे, इंग्रजांनी ते सपाट करून टाकलं.

गाव म्हणजे राखाडी दगडांची घरं, एक पूल आणि खाली खळाळणारी द्वाय्वोर नदी. पुलाच्या कठड्यावर लहानग्या डेव्हिडने कोरलेली म्हणून काही अक्षरं दाखवतात. संग्रहालय गावातच आहे, ग्विनेथ कौन्सिल चालवतं. (हिवाळ्यात बंद असतं, वेळा बघून जा.) ज्या १९६० साली महाराष्ट्र झाला त्याच साली हे उघडलं, हे आप्पांनी लगेच टिपून ठेवलं. आत पदकं आहेत आणि गावोगावच्या नगरपालिकांनी मानपत्रांसोबत दिलेल्या नक्षीदार पेट्या आहेत. आपल्याकडच्या पुढाऱ्यांच्या स्मारकांतही अशा पेट्या आणि तलवारी असतातच. मी त्या भराभर मागे टाकल्या. मला घर बघायचं होतं.

घराचं नाव हायगेट. नाव भारदस्त, घर मात्र दगडी, बुटकं, आपल्या गावाकडच्या दोन खणी घराएवढं. १८६४ ते १८८० या काळात कुटुंब इथे राहत होतं आणि घर पुन्हा तसंच मांडून ठेवलंय. शेजारी लागून मामाची कामाची खोली. मामा, रिचर्ड लॉइड, जोडे बनवत. आप्पा त्या खोलीत बराच वेळ उभे होते. ती आरी, ती रापी, ती लाकडी कलबुतं बघून म्हणाले, "ही तर आमच्या गावात होती तशीच की."

१८६४ च्या जूनमध्ये बहिणीचा नवरा न्यूमोनियाने गेला. तो शिक्षक होता. पदरी दोन लहान मुलं आणि तिसरं पोटात. तिने भावाला वेल्शमध्ये तार केली, दोनच शब्दांची: ये, रिचर्ड. तो गेला आणि सगळ्यांना घेऊन आला. पुढे त्याने लग्न केलं नाही. दिवसा जोडे शिवायचे, रविवारी क्रिकिएथच्या छोट्या बॅप्टिस्ट चॅपेलमध्ये विनावेतन प्रवचन करायचं, आणि मधल्या वेळात त्या खोलीत गावातली माणसं जमवून धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचे. भाच्याला वकील करायचं ठरलं तेव्हा अडचण आली. प्राथमिक परीक्षेला लॅटिन आणि आणखी एक भाषा लागे, ती शिकवायला गावात कुणी नव्हतं. मग मामाने व्याकरणाची पुस्तकं आणली आणि फ्रेंच आधी स्वतः शिकला, मग भाच्याला शिकवली. मी शिक्षिका होते, त्यामुळे हे ऐकून मला जरा खजील व्हायला झालं. नव्या अभ्यासक्रमाची दोन प्रकरणं वाढली की आम्ही स्टाफरूममध्ये किती कुरकुरायचो!

आप्पा एकदम म्हणाले, "अठराशे सत्तर साली आमच्या गावात जोडे शिवणाऱ्याच्या खोलीत गाव वाद घालायला जमलं असतं का गं?" मग स्वतःच म्हणाले, "चावडीच्या पायरीलाही उभं केलं नसतं." आणि बाहेर गेले. त्यांच्या तोंडून मी असं काही पूर्वी ऐकलं नव्हतं.

घराच्या मागे बाग आहे. तिथे बसून पुऱ्या खाता खाता मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली, कारण ती त्यांना आवडणार हे मला ठाऊक होतं. गावचे जमीनदार होते एलिस-नॅनी. १८९० च्या एप्रिलमध्ये कार्नार्वनची पोटनिवडणूक लागली तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार तेच, आणि लिबरलांचा उमेदवार त्यांच्याच गावचा हा सत्तावीस वर्षांचा वकील. मतं पडली १,९६३ आणि १,९४५. मोच्याचा भाचा अठरा मतांनी निवडून आला आणि पुढे पंचावन्न वर्षं तोच निवडून येत राहिला. "अठरा?" आप्पांनी तीनदा विचारलं. कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुका जवळून बघितलेल्या माणसाला अठरा मतांची किंमत कळते.

वृद्धांची पेन्शनही याच्याच कारकिर्दीतली. कायदा १९०८ चा, पहिलं वाटप १ जानेवारी १९०९ ला, सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग. त्यावर आप्पांनी स्वतःच्या पेन्शनचा आकडा सांगितला. तो इथे छापत नाही.

मुलांसाठी संग्रहालयात व्हिक्टोरियन काळातली शाळेची खोली मांडली आहे. बाकं, फळा, वगैरे. डेव्हिड गावच्या चर्चच्या शाळेत शिकला. घरी वेल्श, शाळेत इंग्रजी. मामाचा पंथ वेगळा असल्याने चर्चची प्रार्थना म्हणायला त्याचा विरोध होता. एकदा तपासणीला पाहुणे आले, मास्तरांनी सगळ्यांना धर्मश्रद्धेचं वचन म्हणायला सांगितलं, आणि याने आधीच पढवून ठेवलेली अख्खी शाळा गप्प बसली. शेवटी धाकट्या भावालाच मास्तरांची दया आली, तो म्हणायला लागला आणि मग बाकीचे. आपल्याकडे अशीच गोष्ट यशवंतरावांची सांगतात. मोठेपणी कोण होणार, असं मास्तरांनी विचारल्यावर कुणी टिळक म्हणालं, कुणी आणखी कोण, आणि हा म्हणाला, मी यशवंतराव चव्हाण होणार.

लेक बाकावर बसून घेत होती. मी मात्र त्या खोलीत फार थांबू शकले नाही. त्याचं कारण सांगते.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत एक लाकडी पाटी असे. त्यावर "वेल्श नॉट" किंवा नुसती दोन अक्षरं कोरलेली. जो मुलगा वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. त्याने दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की पाटी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छडी. याबद्दल मी पूर्वी वाचलं होतं, तेव्हा नेहमीप्रमाणे चुकचुकलेही होते. पण त्या बाकांसमोर उभी राहिल्यावर मला आमचं रजिस्टर आठवलं.

लग्नाआधी मी पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाच वर्षं होते. शाळेच्या आवारात मराठी बोललं तर दोन रुपये दंड. सहावी अ ची वही माझ्याकडे. पकडून द्यायला मॉनिटर नेमले होते, म्हणजे पाटी फिरवायची सोयही आम्ही केलीच होती. एक मुलगा होता, वडील भाजीची गाडी लावायचे. त्याच्या नावापुढे वहीत सर्वांत जास्त खुणा होत्या. दिवाळीनंतर त्या खुणा थांबल्या. मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगितलं होतं की त्याचं इंग्रजी सुधारलं. आता आठवून बघते तर तो इंग्रजीही बोलत नव्हता. तो बोलतच नव्हता. दोन रुपये वाचवत होता. आणि मी एम.ए. मराठी.

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बागेत आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "शाळेचा नियम होता." मी म्हटलं, "हो, पण वही माझ्याकडे होती." त्यावर ते काही बोलले नाहीत, मला केळं सोलून दिलं.

लॉइड जॉर्ज हे इंग्रजी ही पहिली भाषा नसलेले ब्रिटनचे एकमेव पंतप्रधान. डिसेंबर १९१६ ते ऑक्टोबर १९२२ ही त्यांची कारकीर्द. पत्नी मार्गारेट क्रिकिएथजवळची, शेतकऱ्याची मुलगी. तिने डाउनिंग स्ट्रीटवरच्या घरात कामाला वेल्श माणसं आणली. जेवणाच्या टेबलावर वेल्श. धाकटी मेगन अकरा आणि दहा नंबरच्या घरांत वाढली तरी तिची पहिली भाषा वेल्शच, आणि पुढे १९२९ मध्ये ती वेल्समधून निवडून आलेली पहिली महिला खासदार झाली. साम्राज्याच्या राजधानीत, महायुद्ध चालू असताना बाईने हे जमवलं. आम्हाला चेडलच्या सेमी-डिटॅच्ड घरात संध्याकाळी सात ते आठ जमत नाही. (मार्गारेटचं पुढे जे झालं, म्हणजे नवरा सरेमध्ये चर्टच्या शेतावर सेक्रेटरीबरोबर राहायला लागला आणि ही क्रिकिएथला, ते मी आप्पांना सांगितलं नाही. त्यांचं मत उगाच बिघडलं असतं.)

मत तसंही बिघडलंच, वेगळ्या कारणाने. बाहेर पडताना आप्पा हिशेब करत होते. "सोळा ते बावीस? म्हणजे जालियनवाला बागेच्या वेळी हाच?"

"हाच."

"आणि टिळक लंडनला आले होते तेव्हा?"

तेव्हाही. टिळक १९१८ च्या ऑक्टोबरात चिरोल खटल्यासाठी आले आणि १९१९ च्या नोव्हेंबरात परतले. काँग्रेसने त्यांना पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी निवडलं होतं, पण सरकारने तिकडे जाऊ दिलं नाही. त्या परिषदेत लॉइड जॉर्ज जगाचे नकाशे आखत होते. १९१४ मध्ये छोट्या राष्ट्रांची बाजू घेऊन लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये गाजलेलं भाषण त्यांचंच, आणि ऑगस्ट १९२२ मध्ये हिंदुस्थानातली ब्रिटिश सनदी नोकरी म्हणजे पोलादी चौकट आहे, असं सांगणारं भाषणही त्यांचंच. पुढे १९३६ मध्ये हिटलरला भेटून त्याचं कौतुक करून आले. स्वतःची भाषा लहान असण्याचा अनुभव होता म्हणून दुसऱ्याचं दुखणं दिसलं, असं काही झालेलं दिसत नाही. मी हे मोठ्या आवाजात बोलायला गेले आणि मला पुन्हा वही आठवली, म्हणून गप्प बसले.

चर्टला त्यांनी मोठी फळबाग केली होती. सफरचंदं, मध, डुकरं असा सगळा कारभार. पण १९४४ च्या सप्टेंबरमध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते गावी परतले. गावाबाहेर टी नेविद नावाचं शेतावरचं जुनं घर घेऊन ठेवलं होतं. तिथेच २६ मार्च १९४५ ला, महायुद्ध संपायला महिना-दीड महिना असताना, वारले. शव शेताच्या गाडीवरून नेलं. आता ते घर वेल्सचं राष्ट्रीय लेखन केंद्र आहे. तिथे शिबिरांना जायचं असतं, नुसतं बघायला नाही, म्हणून आम्ही गल्लीतून बघून परतलो.

समाधी संग्रहालयापासून चालत दोन मिनिटांवर, झाडीत, नदीच्या काठावर आहे. संग्रहालयाच्या आणि समाधीच्या बांधकामाचा आराखडा एकाच माणसाचा, क्लॉ विल्यम्स-एलिस यांचा, ज्यांनी जवळच पोर्टमेरियन गाव वसवलं. भोवती दगडी कुंपण, मध्ये एक मोठा गोटा, ज्यावर लहानपणी ते बसत. गोट्यावर नाव नाही, काही नाही. खाली नदीचा आवाज. आप्पांनी सवयीने चपला काढल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नदी आहे म्हणून." आणि हात नदीला जोडले.

तिकीटखिडकीवरच्या बाईंचं सांगायचं राहिलं. निघताना त्यांनी लेकीला गावाचं नाव म्हणायला शिकवलं. पहिलं अक्षर तिला येईना. त्या म्हणाल्या की त्यांची स्वतःची मुलं तिसरीत असताना घरी इंग्रजीत बोलायला लागली होती, त्या मात्र वेल्शमध्येच बोलत राहिल्या, कधीकधी एकट्याच. आज या जिल्ह्यात शंभरातले चौसष्ट लोक वेल्श बोलतात. अख्ख्या वेल्समध्ये मात्र २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्केच, साधारण ५ लाख ३८ हजार. १९११ मध्ये त्रेचाळीस टक्के होते.

परतीच्या वाटेवर गाडीत "ल्ल" चा तास झाला. नवऱ्याला येईना, मला निम्मं आलं. आप्पांना मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. कवळी काढून ठेवली होती, त्यामुळे श्वास बाजूने आपोआप जात होता. लेक थक्क झाली. "आजोबा, परत म्हणा! कसं केलं?"

"आधी तू केळं म्हण. मग सांगतो."

"केलं."

"जीभ मागे वळव. अशी. टाळूला लाव आणि सोड."

"केल्लं. केर्लं. केड्डं."

"आरव, आरव," नवऱ्याने वळणावर गाडी सावकाश केली. बेट्स-इ-कोएड मागे पडलं, पाऊस सुरू झाला. मागच्या सीटवर दोघंही तोंडं वेडीवाकडी करत होती. जेव्हा जेव्हा जवळपास आल्यासारखं वाटे, तेव्हा आप्पा बक्षीस म्हणून एक केळं सोलून अर्धं तिला देत आणि अर्धं आपण खात. चेस्टर यायच्या आत केळी संपली.